दुर्बिणीतल्या रेघांवरून समोरच्याचं अंतर कसं काढायचं

मरीन टाइपची ७×५० दुर्बीण डोळ्याला लावली की बऱ्याचदा एका बाजूच्या नळीत बारीक रेघांची पट्टी दिसते, एक उभी एक आडवी, त्यावर १०, २०, ३० असे आकडे. बरेच जण दुर्बीण घेतात, वर्षानुवर्षं वापरतात आणि त्या पट्टीकडे ढुंकून बघत नाहीत. ती कोन मोजायची फूटपट्टी आहे, आणि एकदा वापरायची सवय लागली की समोरच्या डोंगरावरचा गवा, पाण्यापलीकडची होडी, दरीपल्याडची वस्ती, सगळ्याचं अंतर अर्ध्या मिनिटात काढता येतं. बॅटरी लागत नाही, नेटवर्क लागत नाही, भागाकार यायला पाहिजे बस.

आधी हे का करायचं ते सांगतो, कारण "मला अंदाज येतो की" असं प्रत्येकालाच वाटतं. उघड्या डोळ्याचा अंदाज दरी आणि पाणी मध्ये आलं की साफ फसतो. मधे मोजायला काही नसतं ना, झाडं नाहीत, शेताचे बांध नाहीत, त्यामुळे पलीकडची गोष्ट आहे त्यापेक्षा जवळ वाटते. पाऊस संपल्यावर सप्टेंबर-ऑक्टोबरात हवा धुतल्यासारखी असते तेव्हा समोरचा कडा हाताला लागेल असा दिसतो, आणि तोच कडा मे महिन्याच्या धुरकट हवेत दुप्पट लांब गेल्यासारखा वाटतो. अंतर तेवढंच आहे, हवा बदललीय. कोन मात्र हवेच्या मूडवर बदलत नाही म्हणून कोन मोजायचा.

आता मुख्य गणित. मिल म्हणजे मिलिरेडियन, एका रेडियनचा हजारावा भाग. पाठ करायचं वाक्य एकच: १००० मीटरवर ठेवलेली १ मीटरची वस्तू १ मिल एवढी दिसते. ५०० मीटरवर तीच वस्तू २ मिल, २००० मीटरवर अर्धा मिल. म्हणजे:

अंतर (मीटर) = वस्तूचा खरा आकार (मीटर) × १००० ÷ दुर्बिणीत दिसलेले मिल

रिक्षा घ्या. साधी तीनचाकी रिक्षा साधारण १.७ मीटर उंच असते. पट्टीवर ती ५ मिल दिसली तर १.७ × १००० ÷ ५ = ३४० मीटर. दहा मजली बिल्डिंग, मजल्याला ३ मीटर धरून ३० मीटर, १५ मिल दिसली तर २ किलोमीटर. झालं. कोणी म्हणेल ही सरळ रेषेची गणितं कोनाला कशी चालतात, टँजंट वगैरे नको का, तर कोन लहान असले की फरक नगण्य असतो, अगदी १०० मिलपर्यंत गेलात तरी चूक एक तृतीयांश टक्का येते आणि आपल्या हाताच्या कापण्यातच त्यापेक्षा जास्त चूक असते.

आणखी दोन एककं समोर येतात. अंश म्हणजे डिग्री, १ अंश = साधारण १७.५ मिल. आणि मिनिट ऑफ अँगल, ज्याला सगळे एमओए म्हणतात, अंशाचा साठावा भाग, १०० मीटरवर २.९ सेंटिमीटर. १ मिलमध्ये ३.४४ एमओए बसतात. रायफलच्या काही स्कोपवर स्केल एमओएमध्ये असते, तिथे अंतर = आकार (सेंटिमीटर) × ३४.४ ÷ एमओए. मी तरी सगळं मिलमध्येच करा म्हणतो, मीटर आणि मिल ही जोडी आपल्यासाठी सगळ्यात सोपी आहे, इंच-यार्डाच्या भानगडीत पडायची गरज नाही.

एक बारीक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. पूर्ण वर्तुळात खरे मिलिरेडियन ६२८३ असतात. नाटोवाल्या सैन्यांनी सोयीसाठी वर्तुळाचे ६४०० भाग केले आणि सोव्हिएत पद्धतीत ६०००. तुमच्याकडे जुनी रशियन दुर्बीण असेल, अशा दुर्बिणी आपल्याकडे पुष्कळ फिरतात, तर तिची पट्टी बहुतेक ६००० वाली असते आणि वरच्या सूत्राने अंतर जवळपास ५ टक्के जास्त येतं. ६४०० वालीत फरक २ टक्क्यांच्या आत आहे, तो विसरला तरी चालेल.

पट्टी वाचायची कशी

पहिलं काम फोकस. ज्या नळीत स्केल आहे त्या बाजूच्या आयपीसची रिंग फिरवून आधी रेघा शार्प करा, रिकाम्या आकाशाकडे बघून केलं तर बरं, मग लांबची वस्तू शार्प आहे का बघा. रेघ आणि वस्तू दोन्ही एकाच वेळी शार्प दिसल्या पाहिजेत. आता डोळा किंचित इकडेतिकडे हलवा, रेघ वस्तूवरून सरकत असेल तर फोकस अजून नीट बसलेला नाही, आणि अशा वेळी घेतलेलं माप हे माप नसतं.

मग एक भाग म्हणजे किती मिल ते मॅन्युअलमध्ये बघा. मरीन दुर्बिणीत लहान रेघेला ५ मिल हे बऱ्याचदा असतं पण सगळ्यांत नसतं, म्हणून ताळा करा. ताळा असा करायचा: सोसायटीच्या पार्किंगमध्ये किंवा शाळेच्या ग्राउंडवर भिंतीवर बरोबर १ मीटर अंतरावर टेपच्या दोन खुणा करायच्या, मोजपट्टीने ५० मीटर मोजून मागे जायचं आणि बघायचं. ५० मीटरवर १ मीटर म्हणजे २० मिल यायला पाहिजेत. आले तर तुमची पट्टी खरी. ग्राउंड नसेल तर पौर्णिमेचा चंद्र आहेच, तो साधारण ९ मिल दिसतो, पृथ्वीपासूनच्या अंतराप्रमाणे साडेआठ ते दहाच्या मधे कुठेतरी. सूर्यही जवळपास तेवढाच असतो पण दुर्बीण सूर्याकडे कधीच, अगदी मावळतानासुद्धा, रोखायची नाही, डोळा कायमचा जाऊ शकतो.

माप घेताना वस्तूचा तळ एका मोठ्या रेघेवर टेकवायचा आणि शेंडा कुठे येतो ते वाचायचं. दोन्ही टोकं एकदम बघायला गेलात तर दोन्ही चुकतात. कोपर गुडघ्यावर, बुरुजाच्या दगडावर, सॅकवर, कुठेतरी टेकवा, श्वास अर्धा सोडून थांबा, तीनदा वाचा आणि मधलं घ्या. हातात धरलेल्या ७ पॉवरच्या दुर्बिणीतून अर्ध्या ते एक मिलपेक्षा बारीक वाचता येतं असं कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका, ट्रायपॉडवर ठेवली तर गोष्ट वेगळी.

ही अर्ध्या मिलची गोष्ट का महत्त्वाची ते आकड्यात बघा. माणूस १.६५ मीटर धरला आणि २ मिल वाचला तर अंतर ८२५ मीटर. तुमचं वाचन नुसतं ०.२ ने इकडेतिकडे झालं, म्हणजे १.८ किंवा २.२, तर उत्तर ९१७ किंवा ७५० होतं. दीडशे मीटरहून जास्त फरक, आणि चूक काय तर केसाएवढी. त्याउलट ३० मीटरची बिल्डिंग १५ मिल दिसत असताना पूर्ण एक मिल चुकलात तरी उत्तर १८७५ ते २१४३ च्या मधेच राहतं, म्हणजे ७ टक्के. म्हणून नियम असा की टार्गेटच्या शेजारी त्याच अंतरावर जी सगळ्यात मोठी ओळखीची वस्तू असेल ती मोजायची. माणूस मोजायचा नाही, माणूस ज्या घरासमोर उभा आहे ते घर मोजायचं.

खरं काम आकार माहीत असण्याचं आहे

हे मला सगळ्यात जास्त सांगायचंय. लोक चांगल्या काचेच्या मागे लागतात, महागडी रेटिकल (आतल्या रेघांची पट्टी) घेतात, आणि समोरची वस्तू किती मोठी आहे हेच माहीत नसतं. सूत्रात दोनच गोष्टी आहेत, कोन आणि आकार, आणि आकारात १० टक्के चुकलात तर उत्तर १० टक्के चुकणारच, दुर्बीण लाखाची असली तरी. कोन मोजणं आठवडाभरात जमतं. आकारांचा साठा मात्र रस्त्याने जाता येता, टेप घेऊन, विचारून, वाचून गोळा करावा लागतो, आणि तो आपल्याच भागातला पाहिजे.

विजेचे खांब घ्या, महाराष्ट्रात कुठेही जा खांब आहेच. गावातल्या लो टेन्शन लाइनला ८ मीटरचे सिमेंटचे खांब खूप ठिकाणी असतात, ९ मीटरचेही असतात. पण खांब गाडताना लांबीच्या साधारण एक षष्ठांश जमिनीत जातो, म्हणून ८ मीटरचा खांब वर दिसतो ६.७ मीटर आणि ९ चा साडेसात. ही गाडलेली लांबी विसरली की अंतर २० टक्के जास्त येतं. तुमच्या भागात कोणते खांब आहेत ते एकदा लाइनमनला विचारून घ्या, त्यांना तोंडपाठ असतं.

रेल्वेचा डबा तर सोन्यासारखा. नव्या पद्धतीचा एलएचबी डबा साधारण २४ मीटर लांब, जुना निळा आयसीएफ डबा २२ च्या आसपास. घाटात समोरच्या डोंगरातून गाडी जाताना एक डबा २० मिल दिसला तर १२०० मीटर. कंटेनर: मोठा ४० फुटी १२.२ मीटर लांब, छोटा ६.१, दोघांचीही नेहमीची उंची २.६ मीटर. दरवाजा २.१ मीटर. रिक्षाची रुंदी १.३, एसटीची उंची साधारण ३. किल्ल्यावरून खाली गावात पोरं खेळताना दिसली आणि मैदानावर रीतसर आखलेलं पीच असेल तर स्टंप ते स्टंप २०.१२ मीटर, स्टंपची उंची ७१ सेंटिमीटर, पण गल्ली क्रिकेटचं पीच धरू नका, ते पोरांच्या सोयीने असतं. माणूस घ्यायची वेळ आलीच तर पुरुष १.६५ आणि बाई १.५२ हे आपल्याकडचं सरासरी माप बरं, परदेशी गाईडमध्ये १.८ लिहिलेलं असतं ते इथे वापरलं तर अंतर ९ टक्के फुगतं. डोक्यावर पाटी, कळशी असेल तर ती सोडून मोजा.

मोबाइल टॉवर, पाण्याची टाकी, देवळाचा कळस, नारळाचं झाड यावर भरवसा ठेवू नका. डोळ्यात भरतात म्हणून मोजावेसे वाटतात पण प्रत्येकाची उंची वेगळी. एखादा विशिष्ट टॉवर रोजचा असेल तर त्याची उंची उलट्या गणिताने काढून ठेवा, मॅपवर अंतर माहीत असलेल्या ठिकाणावरून मिल मोजा, अंतर × मिल ÷ १००० म्हणजे उंची, एकदा काढली की तो टॉवर कायमचा तुमचा. मुंबईकरांना राजाबाई टॉवर आहे, ८५ मीटर.

जनावरं आणि पक्षी थोडे अवघड कारण मान वर-खाली होते. म्हणून खांद्याची उंची घ्यायची, डोक्याची नाही. राधानगरी-दाजीपूरकडचा मोठा नर गवा खांद्याला १.७ मीटरच्या पुढेमागे, सांबर नर १.४ च्या आसपास, चितळ ०.९. गवतात पाय बुडालेले असतील तर माप सोडून द्या. भिगवणला उजनीच्या पाण्यात मोठा रोहित (फ्लेमिंगो) उभा असला तर मान वर केलेली उंची १.३ धरायची, ३ मिल दिसला तर ४३३ मीटर, पण पाण्यात पाय किती बुडालेत ते बघा, आणि थव्यातल्या पाचसहा पक्ष्यांचं वेगवेगळं माप घेऊन सरासरी काढा. नेमाने नोंदी करणाऱ्यांना या अंतराची खरंच गरज असते, वाघ-गणनेत भक्ष्य प्राण्यांसाठी लाइन ट्रान्सेक्ट (ठरलेली सरळ रेष) चालतात तेव्हा प्राणी दिसला की त्याचं अंतर आणि दिशा लिहावी लागते. तिथे लेसर रेंजफाइंडर असतो, पण स्वतःच्या हौसेने नोंदी ठेवणाऱ्या प्रत्येकाकडे तो असेलच असं नाही.

रुंदीपेक्षा उंची मोजणं बरं, याचंही कारण आहे. डबा, ट्रक, गवा हे तिरके उभे असले की रुंदी आक्रसते, ४५ अंशात वळलेला डबा ७० टक्केच दिसतो आणि तुमचं अंतर १.४ पट येतं. तो किती वळलाय हे लांबून कळतही नाही. उभी वस्तू मात्र कोणत्याही बाजूने बघितली तरी तेवढीच उंच.

दुर्बिणीत रेघाच नसतील तर

साध्या ८×४२ वर पक्षी बघणारे बहुतेक जण याच गटातले. त्यांनी दुर्बिणीवर छापलेला आकडा बघावा, १३१ मीटर / १००० मीटर असं काहीतरी किंवा ७.५ अंश असं लिहिलेलं असतं. १००० मीटरवर १३१ मीटर दिसतात म्हणजे तुमचं पूर्ण गोल चित्र १३१ मिलचं आहे. अंश दिले असतील तर १७.५ ने गुणा, ७.५ अंशांचे तेच १३१ येतात. आता तो गोल हीच पट्टी. चार एलएचबी डबे गोलाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत बरोबर बसले तर ९६ × १००० ÷ १३१ = ७३३ मीटर. अर्धा गोल ६५, पाव गोल ३३, त्याच्या खाली डोळ्याने भाग पाडायला जाऊ नका. भिंतीवरच्या खुणांचा ताळा इथेही करा कारण छापलेला आकडा आणि चष्मा लावून प्रत्यक्ष दिसणारा गोल यात फरक पडतो.

दुर्बीणच नसेल तर शाळेची १५ सेंटिमीटरची पट्टी आणि दोरा. पट्टीला दोरा बांधायचा, दोऱ्याला गाठ मारायची, गाठ दातात धरून दोरा ताणला की डोळा ते पट्टी अंतर बरोबर ५० सेंटिमीटर यायला हवं, ते कोणाकडून तरी मोजून घ्या. आता पट्टीवरचा १ मिलिमीटर = २ मिल, म्हणजे अंतर = आकार × ५०० ÷ मिलिमीटर. ८ मीटरचा खांब, वर दिसणारा ६.७, पट्टीवर ८ मिलिमीटर भरला तर ४१९ मीटर. हा दातातला दोरा नवीन नाही बरं का, हिंदी महासागरातले अरब खलाशी कमाल नावाची लाकडी पाटी अशीच गाठी मारलेल्या दोऱ्याने धरून ध्रुव तारा क्षितिजापासून किती वर आहे ते मोजायचे आणि त्यावरून आपण किती उत्तरेला आहोत ते काढायचे. दोरा हवाच, नुसता हात लांब केला तर दर वेळी कोपर वेगळं वाकतं.

हाताची बोटं कामचलाऊ आहेत. हात पूर्ण लांब केला तर करंगळी साधारण १ अंश म्हणजे १७ मिल, अंगठा २ अंश, मधली तीन बोटं ५, मूठ १०. पण प्रत्येकाचा हात वेगळा, भिंतीवर खुणा करून स्वतःची बोटं मोजून घ्या आणि ते आकडे लक्षात ठेवा.

अंगठा-उडी मात्र मला फार आवडते. हात लांब, अंगठा वर, एक डोळा मिटून अंगठा टार्गेटवर ठेवायचा, मग तो डोळा उघडून दुसरा मिटायचा, अंगठा बाजूला उडी मारतो. उडी तिथल्या हिशोबाने किती मीटरची झाली ते ओळखायचं, समजा दोन एलएचबी डब्यांएवढी म्हणजे ४८ मीटर, आणि १० ने गुणायचं, ४८० मीटर. दोन डोळ्यांतलं अंतर साडेसहा सेंटिमीटरच्या आसपास आणि हाताची लांबी त्याच्या दहापट, म्हणून दहा.

आकार माहीतच नसेल तर

दरीपलीकडे नुसता कातळ आहे, झाड नाही, घर नाही, काय मोजणार? तेव्हा आपणच हलायचं. कातळावरची एक ठळक खूण घ्या आणि तिच्या मागे खूप लांबवर असलेला एखादा सुळका किंवा शिखर घ्या जे त्याच रेषेत येतंय. आता रेषेला काटकोनात ५० मीटर बाजूला चाला, मोजपट्टीने किंवा आधी मोजलेल्या पावलांनी. खूण आणि मागचं शिखर यांच्यात आता फट पडलेली दिसेल, ती आडव्या पट्टीवर मोजा. ४० मिल आली तर ५० × १००० ÷ ४० = १२५० मीटर.

अट एकच, मागचं शिखर खूप लांब पाहिजे. ते खुणेच्या दहापट लांब असेल तर उत्तर साधारण १० टक्के जास्त येतं, वीसपट असेल तर ५ टक्के. धुकट दिवशी मागचं शिखरच दिसत नाही तेव्हा ही पद्धत बंद. जेवढं जास्त बाजूला चालाल तेवढी फट मोठी आणि उत्तर पक्कं, माचीवर १०० मीटर मोकळे असतील तर १०० चाला. अख्ख्या देशाचा नकाशा याच कल्पनेच्या मोठ्या रूपावर झालाय. विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासजवळ जमिनीवर एक पायारेषा साखळीने काटेकोर मोजली आणि तिथून पुढे थिओडोलाइटने कोन मोजत मोजत त्रिकोणांची साखळी उत्तरेला आणली. हे काम चालू असतानाच १८२३ मध्ये आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला तो वारला.

किल्ल्यावरून खाली बघताना

इथे दोन वेगळ्या गोष्टी होतात. वरून बघितलं की उभा माणूस आखूड दिसतो, आणि शिवाय मिळालेलं अंतर हे तिरकं असतं, नकाशावरचं नाही. १० अंशांपर्यंत दुर्लक्ष करा. पण कड्यावरून ३० अंश खाली बघताय आणि १.६५ मीटरचा माणूस ४ मिल दिसला तर सरळ सूत्र ४१२ मीटर सांगेल, त्याला ०.८७ ने (३० अंशांचा कोसाइन) गुणून खरं तिरकं अंतर ३५७, आणि पुन्हा ०.८७ ने गुणून नकाशावरचं अंतर ३०९. शंभर मीटर उडाले. ४५ अंशांना गुणक ०.७१. उताराचा कोन मोबाइलच्या लेव्हल अॅपवर मिळतो.

सर्व्हेचं काम केलेल्यांना हे लगेच ओळखीचं वाटेल, त्यांच्या स्टेडियाच्या (दुर्बिणीतल्या तारांवरून अंतर काढायच्या) गणितात हाच कोसाइनचा वर्ग असतो. त्यांच्या दुर्बिणीत मधल्या तारेच्या वर आणि खाली दोन छोट्या तारा असतात, त्यांच्यातला कोन कायम १० मिल ठेवलेला असतो, म्हणून स्टाफवर (लांब उभ्या धरलेल्या मोजपट्टीवर) दोन तारांमध्ये जेवढं वाचन येईल त्याला १०० ने गुणलं की अंतर. ते कोन पक्का ठेवून आकार वाचतात आणि आपण आकार पक्का ठेवून कोन वाचतो, सूत्र एकच.

फोटोवरून

टेलिफोटो लेन्सवाल्यांकडे सगळ्यात बारीक पट्टी आधीच आहे, ती म्हणजे पिक्सेल. एका पिक्सेलचे मिल = सेन्सरची रुंदी (मिलिमीटर) × १००० ÷ (फोटोच्या रुंदीतले पिक्सेल × फोकल लेंग्थ). एपीएस-सी सेन्सर २३.५ मिलिमीटर, ६००० पिक्सेल, ३०० ची लेन्स, तर एक पिक्सेल ०.०१३ मिल. गवा खांद्यापासून खुरापर्यंत ६५० पिक्सेल भरला तर साडेआठ मिल, १.७ मीटरला २०० मीटर. हातातल्या दुर्बिणीत अर्धा मिल वाचायला धडपड होते आणि इथे शंभरावा भाग वाचता येतो, त्यामुळे चूक जी राहते ती जवळजवळ सगळी आकाराच्या अंदाजाचीच. फोटो क्रॉप किंवा रिसाइझ केलेला नको, मूळ फाइल घ्या, आणि फोकल लेंग्थ खरी वापरा, फुल फ्रेमच्या हिशोबाने गुणलेली नाही. झूम लेन्स जवळ फोकस केली की तिची फोकल लेंग्थ कमी होते, पण शंभर-दोनशे मीटरवर त्याची काळजी नको.

समुद्रावर

दीपगृहाची उंची नॉटिकल चार्टवर दिलेली असते पण ती टॉवरची नसते, दिवा मोठ्या भरतीच्या पाण्यापासून किती वर आहे ती असते. म्हणून पाण्याच्या रेषेपासून दिव्यापर्यंत मोजायचं, पायथ्यापासून शेंड्यापर्यंत नाही. ४० मीटर लिहिलंय आणि ८ मिल आले तर ५ किलोमीटर. ओहोटी असेल तर पाणी खाली गेलेलं असतं, मुंबईकडे मोठ्या उधाणाला ४ मीटरच्या वर फरक पडतो, म्हणजे दिसणारी उंची ४४, कोन मोठा आणि तुमचं उत्तर खऱ्यापेक्षा कमी येणार. खडकापासून लांब राहायचं असेल तर ही चूक फायद्याचीच, आपण समजतो त्यापेक्षा जास्तच लांब असतो. सेक्स्टंट (खलाशांचं कोन मोजायचं यंत्र) असेल तर अंतर (नॉटिकल मैल) = उंची (मीटर) × १.८६ ÷ कोन (मिनिटं).

उलटी चूक धोक्याची आहे. लहान होडीत डोळा पाण्यापासून २ मीटरवर असेल तर क्षितिज साडेपाच किलोमीटरच्या आतच असतं, त्यापलीकडच्या दीपगृहाची पाण्याची रेष क्षितिजाखाली गेलेली असते, अर्धवट उंची मोजली जाते आणि अंतर खऱ्यापेक्षा जास्त येतं. पाण्याची रेष दिसत नसेल तर माप घेऊच नका.

स्कोपबद्दल थोडक्यात. झूमवाल्या स्कोपमध्ये रेटिकल सेकंड फोकल प्लेनला असेल तर ती एकाच झूमवर खरी असते, बहुतेक वेळा सगळ्यात वरच्या. १६ वर खरी असलेली पट्टी ८ वर वाचलीत तर एक भाग २ मिलचा होतो. फर्स्ट फोकल प्लेनला असेल तर झूमबरोबर रेघाही लहानमोठ्या होतात आणि कुठेही वाचा. मॅन्युअलमध्ये हे लिहिलेलं असतं.

सराव सकाळी करा, दुपारी तापलेल्या कातळावरून हवा थरथरते आणि वस्तूची कड एका जागी राहत नाही. घराच्या गच्चीवरून दहाबारा गोष्टी निवडा, प्रत्येकीचे मिल आणि कोणता आकार धरला ते वहीत लिहा, उत्तर काढा, आणि मगच मोबाइलवर मॅप उघडून तिथलं अंतर मोजा. आधी मॅप बघितला तर डोळा आपोआप तो आकडा वाचायला लागतो. वहीत उत्तरं कधी कमी कधी जास्त येत असतील तर हात टेकवण्यावर काम करा. काही वस्तूंचीच चुकत असतील तर त्या वस्तूंचा आकार टेपने पुन्हा मोजा. आणि सगळीच्या सगळी ५ टक्के जास्त येत असतील तर पट्टी ६००० वाली आहे, प्रत्येक उत्तराला ०.९५ ने गुणत चला.